पायात उतरणारी कळ

कमरेतून कळ निघते. ती कुल्ल्यातून मांडीच्या मागे, पोटरीत आणि पावलापर्यंत जाते. धड बसवत नाही, धड चालवत नाही. या दुखण्याला सायटिका म्हणतात. वैद्य त्याला गृध्रसी म्हणतात.

पाय दुखतो, पण मूळ कोठे असते? आपल्या पाठीच्या कण्यातून शिरा बाहेर पडतात. या रक्ताच्या शिरा नव्हेत. मेंदूचा निरोप पायाला आणि पायाचा निरोप मेंदूला नेणाऱ्या या शिरा आहेत. कमरेतल्या अशा काही शिरा एकत्र येऊन बोटाएवढी जाड शीर होते. ती पायात उतरते. पाट वरच्या अंगाला दाबला, की खालचा वाफा कोरडा राहतो. वाफा खणून काय उपयोग? तसेच येथे आहे. शीर दाबते कमरेत, कळ येते पायात.

दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते. बहुतेक वेळा ती सरकते व शिरेवर दाब येतो. हे दुखणे बहुधा सहा ते बारा आठवड्यांत कमी होते. जड ओझे टाळावे, पण अंथरूण धरून राहू नये. झेपेल तेवढे हिंडावे.

पण प्रत्येक कळ गादीची नसते. कधी मणक्याला क्षय, म्हणजे टीबी होतो. कधी दुसरीकडचा कॅन्सर मणक्यात उतरतो. कधी नागीण उठण्याआधी तशीच कळ येते. आणि क्वचित शिरेवरच गाठ वाढते.

शिरेवरची गाठ बहुधा साधी असते, कॅन्सरची नसते. ती वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. गादीचे दुखणे आडवे झाल्यावर बहुधा हलके होते. गाठीचे दुखणे पुष्कळदा रात्री निजल्यावरच वाढते. माणूस उठून बसतो, अंगणात फेऱ्या मारतो.

१८८७ सालची गोष्ट आहे. लंडनमध्ये एका लष्करी कॅप्टनची पाठ तीन वर्षे दुखत होती. अनेक डॉक्टर झाले, गुण येईना. शेवटी दोन्ही पाय लुळे पडले, लघवी अडली. डॉक्टर गॉवर्स यांनी ओळखले, की कण्यात गाठ असावी. डॉक्टर हॉर्सले यांनी शस्त्रक्रिया केली. वरच्या पाठीत बदामाएवढी गाठ निघाली. वर्षभरात तो माणूस हिंडूफिरू लागला. त्या काळी एक्स-रेसुद्धा नव्हता!

आज एम. आर. आय. नावाच्या तपासणीत अशी गाठ दिसते. एक्स-रेच्या फोटोत हाड दिसते, गाठ बहुधा दिसत नाही. म्हणून "फोटो चांगला आला" एवढ्यावर थांबू नये. गाठ काढली, की बहुतेकांची कळ जाते. मात्र पाय लुळा पडून फार दिवस गेले, तर गेलेली ताकद पुरती परत येईलच असे नाही. टीबी असेल तर त्याची औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. ती पुरे दिवस घ्यावी लागतात.

कमरेत उसण भरली, की आपण पायाळू माणसाची लाथ खातो. कोणी पाठ तुडवून घेतो, कोणी डाग देतो. मणका आतून पोखरलेला असेल, तर लाथेने तो मोडेल. डागाने नुसती कातडी जळते. हे करू नये.

लक्षात ठेवा

या खुणा दिसल्या तर लवकर डॉक्टरांकडे जावे :
१. सहा आठवडे झाले, तरी कळ कमी नाही.
२. रात्री निजल्यावर कळ वाढते.
३. ताप येतो, वजन घटते, किंवा पूर्वी कॅन्सर झाला होता.

या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा :
१. पाऊल उचलत नाही, चप्पल पायातून निसटते.
२. लघवी अडते, किंवा लघवी-शौच नकळत होते.
३. बसायची जागा बधिर होते.

ही शेवटची गोष्ट सांगायला बायामाणसे लाजतात. पुरुषही लाजतात. डॉक्टरांपुढे लाजू नये. त्या एका वाक्यावर पाय वाचतो.

प्रश्न
१. पाय दुखतो, तेव्हा मूळ कोठे असू शकते?
२. गादीच्या आणि गाठीच्या दुखण्यात कोणता फरक असतो?
३. कोणत्या खुणा दिसल्यावर एक दिवसही थांबू नये?