शेतात जुनी नाणी सापडली तर

मंडळी, शेत नांगरताना, विहीर खणताना किंवा घराचा पाया काढताना कधी कधी जुने मडके लागते. मडक्यात नाणी असतात. पूर्वी गावोगाव बँका नव्हत्या. लढाई आली, दरोड्याचे भय वाटले, की लोक पैका मडक्यात घालून पुरून ठेवीत. पुरणारा परत आला नाही, तर मडके तिथेच राही.

मी लहान असताना आमच्या गावी असेच झाले. गोठ्याचा पाया खणताना एका शेतकऱ्याला चांदीची नाणी सापडली. बिचारा घाबरला. कुणी म्हणाले, "अरे, धनावर नाग बसलेला असतो." कुणी म्हणाले, "सरकारला कळले तर बेड्या पडतील." त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. कचेरीत कुणी कशावर अंगठा घेईल, हीच त्याला धास्ती. शेवटी तो गुपचूप तालुक्याला गेला आणि मोडीच्या भावाने नाणी विकून आला. ती सगळी मुशीत वितळली. एकच नाणे उरले. ते त्याच्या मुलीच्या गळ्यात होते. त्यावर झिजलेली अक्षरे मी पाहिली होती. बाकीच्या नाण्यांवर काय होते, ते आता कोण सांगणार?

नाणी काय सांगतात?

नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि दारणा या नद्यांच्या संगमाजवळ जोगलटेंभी नावाचे गाव आहे. तिथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी किती? तेरा हजारांहून जास्त! ती नहपान राजाची होती. पण दर तीन नाण्यांतल्या सुमारे दोन नाण्यांवर दुसराच छाप होता. तो होता गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाचा.

आता विचार करा. एका राजाच्या नाण्यावर दुसरा राजा आपला छाप केव्हा मारील? त्याचे राज्य जिंकल्यावर. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा लेख दगडावर कोरलेला आहे. आपल्या मुलाने नहपानाच्या घराण्याचा पाडाव केला, असे त्यात सांगितले आहे. त्या लेखाला नाण्यांची साक्ष मिळाली. ती नाणी मुशीत गेली असती, तर ही साक्ष कायमची बुडाली असती.

यंत्राचा मोह

हल्ली धातू शोधणारे यंत्र मिळते. त्याला मेटल डिटेक्टर म्हणतात. दांड्याच्या टोकाला थाळीसारखी चकती असते. तिच्यात तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तारेतून वीज खेळते. खाली धातू असला, की यंत्राला ते कळते आणि आवाज होतो. पण खिळा असो, बैलाचा नाल असो की बाटलीचे झाकण असो, यंत्र वाजायचेच. वाजले म्हणजे सोने लागले असे नाही.

मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरजवळच्या असीरगड गावी मोगलांचे सोने सापडते अशी अफवा उठली. माणसे रात्री बॅटऱ्या घेऊन शेतात उतरली. काहींनी हे यंत्रही आणले होते. शेतात खड्डेच खड्डे झाले. पिकाची जमीन उकरून निघाली. असे खणल्याने आणखी एक नुकसान होते. नाणे कोणत्या थरात होते, त्याच्याजवळ काय होते, यावरून जाणकार त्याचा काळ ठरवतात. थरच विस्कटला तर तेही गेले.

जुने गड, लेणी, देवळे यांपैकी ज्या जागा सरकारने संरक्षित केल्या आहेत, तिथे परवानगीवाचून खणणे गुन्हा आहे. पायाळू माणसाला धन दिसते, बळी दिला की धन वर येते, असे सांगणारा भोंदू आला तर त्याला दारातूनच परत लावा. गुप्तधनासाठी अघोरी कृत्ये करण्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ सालचा कायदा आहे.

कायदा काय सांगतो?

जमिनीत सापडलेल्या धनासाठी १८७८ सालचा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचे पुरलेले धन सापडले, तर सापडणाऱ्याने कलेक्टरसाहेबांना लेखी कळवावे. धन सरकारी खजिन्यात ठेवावे किंवा त्याबद्दल जामीन द्यावा. मग चौकशी होते. धनाचा कुणी मालक निघाला नाही आणि ते दुसऱ्याच्या जमिनीत मिळाले असले, तर दोघांत काही वेगळा ठराव नसल्यास बारा आणे वाटा सापडणाऱ्याचा आणि चार आणे जमीनमालकाचा. सरकारला ते धन ठेवून घ्यायचे असेल, तर मालाची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा सरकार देते.

पण जो लपवील त्याचा वाटा बुडतो. शिवाय एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे भ्यायचे असेल तर लपवायला भ्यावे, सांगायला नव्हे.

अर्जाचा नमुना

मा. जिल्हाधिकारी साहेब यांस,
मी ...... , राहणार ...... , तालुका ...... , आपणांस कळवतो/कळवते की,
दिनांक ...... रोजी
...... येथील जमिनीत (गट नंबर ......)
मला जुनी नाणी सापडली.
नाण्यांची संख्या ...... , धातू ...... , अंदाजे किंमत ......
कृपया पुढील कार्यवाही व्हावी.
सही ......

या अर्जाची एक नक्कल आपल्याजवळ ठेवा. तिच्यावर कचेरीचा शिक्का आणि तारीख घ्या.

लक्षात ठेवा

१. नाणी चिंचेने किंवा राखेने घासू नका. अक्षरे झिजतात.
२. वितळवू नका, विकू नका, वाटून घेऊ नका.
३. मडक्याचे तुकडेही जपून ठेवा.
४. सापडलेली जागा खुणेने दाखवून ठेवा. पुढे खणू नका.

आमच्या गावच्या त्या शेतकऱ्याला हा अर्ज लिहिता आला नाही. तुम्हाला येतो. आज रात्री वर्ग सुटण्यापूर्वी तो आपल्या वहीत, आपल्या हाताने, सहीसकट लिहून काढा.