पटवून देणारे लेखन

जे लिखाण वाचून माणसाचे मन वळते, त्याला पटवून देणारे लेखन म्हणतात. इंग्रजीत त्याला 'पर्स्युएसिव्ह रायटिंग' म्हणतात. हा शब्द म्हणायला लई अवघड आहे, पण गोष्ट सोपी आहे. गोष्ट किंवा वर्णन लिहिताना आपण काहीतरी सांगतो. या लेखनात आपण वाचणाऱ्याला काहीतरी करायला सांगतो. मित्रांनो, याचे चार प्रकार आपण पाहू.

१) घोषवाक्य : हे भिंतीवर असते. शब्द थोडे आणि अक्षर मोठे. इंग्रजीच्या तासाला आम्ही 'सेव्ह वॉटर' शिकलो. म्हणजे पाणी वाचवा. दोनच शब्द, पटकन पाठ होतात. पण पाणी का वाचवायचे ते त्यात येत नाही. म्हणून खाली कारण लिहावे. आपल्या लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला टाकीचे १० डबे होते आणि त्यात ५ लाख लिटर पाणी होते. म्हणजे एका डब्यात ५० हजार लिटर. एवढे वाचले की उघडा नळ बघवत नाही.

२) जाहिरात : ही माल विकण्यासाठी असते. बियाणाच्या जाहिरातीत सोयाबीनचे झाड शेंगांनी नुसते लदलेले असते. पाऊसच नाही आला तर काय, ते तिथं लिहिलेले नसते. म्हणून जाहिरात वाचताना "यात काय लिहिलं नाही?" असे विचारावे. माझे आजोबा पिशवीवरचे चित्र बघत नाहीत. ते मला तारीख आणि उगवण किती टक्के ते वाचायला लावतात.

३) निवेदन : हे सरकारकडे मागणी करण्यासाठी लिहितात. यात मागणी पाहिजे आणि कारणही पाहिजे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगाला निवेदन दिले. सगळ्या मुलांना निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीने प्राथमिक शिक्षण द्यावे, ही त्यांची मागणी होती. कारण असे दिले, की सरकारचा पैसा शेतकऱ्यांच्या घामातून येतो, पण त्यांच्या मुलांच्या शिक्षणावर तो फार थोडा खर्च होतो. फुले मराठीत पुस्तके लिहीत. हे निवेदन मात्र त्यांनी इंग्रजीत लिहिले, कारण वाचणारे साहेब इंग्रज होते. ज्याला पटवायचे, त्याला समजेल असे लिहावे, हे यातून शिकायला मिळते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मी वजाबाकी करून पाहिली. १२८ वर्षे झाली.

४) पत्र : हे एका माणसाला किंवा एका घराला लिहितात. दसऱ्यानंतर आपल्याकडचे पुष्कळ लोक ऊसतोडीला जातात. मुकादमाची ट्रक येते. आईबापाबरोबर लेकरंही जातात आणि शाळा सुटते. आमच्या वर्गातली एक मैत्रीण यंदा जाणार आहे. म्हणून सगळ्या वर्गाने मिळून तिच्या घरी असे पत्र लिहिले :

"तीर्थस्वरूप काका व काकूंना शिरसाष्टांग नमस्कार. तुम्ही उचल घेतली आहे, म्हणून तुम्हाला जावेच लागते, हे आम्हाला माहीत आहे. पण तिला आजीजवळ ठेवून जा. ती गणितात आमच्या सगळ्यांच्या पुढे आहे. फडावर गेली तर ती दिवसभर लहान भावाला सांभाळील, आणि परत येईल तोवर वर्ष संपत आलेले असेल. दुपारचे जेवण शाळेत मिळते. सकाळ-संध्याकाळच्या जेवणासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. त्याची माहिती सांगायला गुरुजी घरी येणार आहेत. दर रविवारी ती तुम्हाला फोन करील."

आता या पत्रात काय काय आहे ते बघा. पहिल्यांदा त्यांची अडचण लिहिली. "जाऊच नका" असे लिहिले असते तर त्यांनी पत्र बाजूला ठेवले असते, कारण उचल फेडल्याशिवाय सुटका नाही. मग मागणी एकच केली, आणि ती त्यांना जमण्यासारखी आहे. मग कारण दिले. शेवटी जेवणाची सोय सांगितली, कारण आईला आधी त्याचीच काळजी असते. आणि पत्रात खोटे काही नाही. ती गणितात खरंच हुशार आहे.

काकूंनी पत्र दोनदा वाचून घेतले. काका म्हणाले, "आईला इचारतो. तिला झेपंल का बघावं लागंल." अजून काही ठरले नाही. आजीला पाणी भरू लागायला आम्ही रोज दोघी जाऊ, असे आता पत्राच्या खाली लिहून देणार आहोत.

मित्रांनो, तुमच्या घरचे किंवा शेजारचे कारखान्याला जाणार असतील, तर हे पत्र उतरवून घ्या. त्यातले आमचे कारण काढून तुमचे खरे कारण लिहा. आणि घरी कुणाला वाचता येत नसेल, तर चुलीजवळ बसून मोठ्याने वाचून दाखवा.

(इयत्ता ४ थी)