घरची शाळा, आईचे आरोग्य आणि एक वही

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादकांचा आग्रह झाला, तेव्हा एखाद्या नव्या शस्त्रक्रियेची वा औषधाची माहिती द्यावी, असा विचार प्रथम मनात आला. परंतु गेली अनेक वर्षे बडोद्यात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचा व्यवसाय करीत असताना ज्या रुग्णाने मला सर्वाधिक शिकविले, तिच्याविषयीच लिहिणे अधिक उचित वाटले. प्रस्तुत लेखात माझ्या हातून झालेल्या एका चुकीचीही कबुली आहे. त्या भगिनीच्या अनुमतीने, तिचे नाव वगळून, ही हकिगत मांडीत आहे.

रुग्णाची ओळख

२०२२ सालच्या पावसाळ्यात ती प्रथम माझ्याकडे आली. वय ३३, चौथे गर्भारपण, बारावा आठवडा. सोबत तिन्ही मुले : थोरली मुलगी ८ वर्षांची, मधला मुलगा ६ वर्षांचा आणि धाकटा नुकता दोन वर्षांचा झालेला. दिवस राहिल्याचे कळेपर्यंत धाकटा अंगावर पीत होता. यजमान पूल-रस्त्यांच्या बांधकामावर अभियंता. सहा वर्षांत चार गावे बदललेली. माहेर ग्वाल्हेरचे, सासूबाई थोरल्या जावेकडे पुण्याला. मुलांना ती घरीच शिकवीत होती. दर दीड वर्षाने शाळा, माध्यम आणि मित्र बदलण्यापेक्षा घरची शाळा बरी, असा उभयतांनी पूर्ण विचाराने घेतलेला निर्णय होता.

मी तपासणी केली आणि वडीलकीच्या सुरात म्हणाले, ''अगं, या अवस्थेत हा व्याप कशाला? मोठ्या दोघांना शाळेत घाल आणि दुपारी निवांत झोप.''

ती शांतपणे म्हणाली, ''मॅडम, शाळेत घातली तर पहाटे उठून डबे, गणवेश, रिक्षा, संध्याकाळी गृहपाठ हे सगळे येणारच. आत्ता निदान मला बरे नसेल तेव्हा शाळाही झोपते.''

या उत्तराचा मी त्या वेळी नीट विचार केला नाही. तिच्या शाळेविषयी माझ्या मनात एक अढी बसली, आणि पुढची चूक त्या अढीतूनच घडली.

कायदा काय सांगतो?

पालक हा प्रश्न आपल्याला विचारतात, म्हणून थोडक्यात माहिती देते. ६ ते १४ वर्षांच्या बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा अधिनियम २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. पाल्यास शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे, असे त्यात म्हटले आहे. मात्र ते न केल्यास पालकांना शिक्षेची तरतूद नाही. घरी शिकणाऱ्या मुलांचा त्यात स्वतंत्र उल्लेखही नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या 'मुक्त मूलभूत शिक्षण' योजनेत तिसरी, पाचवी व आठवी यांच्या समकक्ष अ, ब, क असे स्तर आहेत आणि १४ वर्षे पूर्ण झाल्यावर माध्यमिक परीक्षेस बसता येते. हा मार्ग त्या दांपत्याने आधीच माहीत करून घेतला होता.

सक्तीच्या शिक्षणाचा विषय बडोदेकरांना परका नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू केला. बालशिक्षणाच्या बाबतीतही गुजराती-मराठी स्नेहाची परंपरा आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि तेच कार्य त्यांनी बोर्डी व कोसबाड येथे नेले. पाणी ओतणे, धान्य निवडणे, घड्या घालणे हेही शिक्षणच आहे, हा त्यांचा विचार तिच्या घरात रोज आचरला जात होता, हे मला फार उशिरा दिसले.

माझी चूक

पहिल्या भेटीत तिचे हिमोग्लोबिन १०.८ होते. गर्भवतीत ११ ग्रॅमच्या खाली ते रक्तक्षयच होय. परंतु 'किंचित कमी आहे' एवढीच नोंद करून, तिमाही संपताच मी रोज एक लोह-फॉलिक आम्लाची व दोन कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. विसाव्या आठवड्यात रक्त पुन्हा तपासण्यास सांगितले. धाकट्याला ताप आल्याने ते राहून गेले, आणि मीही पाठपुरावा केला नाही. चोविसाव्या आठवड्यात ती म्हणाली, ''फार थकायला होते.'' मी हसून म्हणाले, ''तीन मुले आणि वर शाळा! थकणार नाही तर काय?''

वाचकहो, रुग्णाच्या तक्रारीला तिच्या राहणीत कारण सापडले की आपण शरीरात कारण शोधणे थांबवितो. तिच्या थकव्याला मी 'घरची शाळा' हे निदान देऊन मोकळी झाले.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात ती आली तेव्हा थोरल्या मुलीच्या हातात एक वही होती. आई तिच्याकडून रोज निरीक्षणे लिहवून घेत असे : पाऊस पडला का, खिडकीत किती चिमण्या आल्या, मोड आलेले मूग किती वाढले. मी आईचा रक्तदाब घेत असताना मुलीने वही माझ्यासमोर ठेवली. एका पानावर रकाना आखून लिहिले होते, 'आई जिना चढताना किती वेळा थांबली'. पहिल्या आठवड्यात एकदा, नंतर दोनदा आणि शेवटच्या पाच दिवसांत चार-चारदा. घर दुसऱ्या मजल्यावर होते. त्या पानाखाली तिने लिहिले होते : 'आई बर्फ खाते. का?'

बर्फ, माती, कच्चे तांदूळ खाण्याची ओढ हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आपण सारेच जाणतो. मी तत्काळ रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.४ होते. ७ च्या खाली रक्तक्षय तीव्र समजला जातो. ती त्या उंबरठ्यावर उभी होती. अशा स्थितीत प्रसूतीसमयी होणारा एरवी सोसवणारा रक्तस्रावही जिवावर बेतू शकतो.

गोळ्या तर ती नेमाने घेत होती. मग असे का व्हावे? प्रथमच मी तिला तिचा संपूर्ण दिवस सांगावयास लावला. सकाळी अकरा वाजता मोठी दोघे गणिते सोडवीत आणि धाकटा डुलकी घेई. तेवढाच वेळ तिचा स्वतःचा. तेव्हा ती चहा करी आणि विसरू नये म्हणून लोहाची व कॅल्शियमची गोळी एकत्रच चहाबरोबर घेई. चहातील टॅनिनमुळे व कॅल्शियममुळे लोहाचे शोषण घटते. त्यात मागील बाळंतपणानंतर शरीरातील साठा भरून निघालेला नव्हता. गोळ्या 'एकत्र घेऊ नका' हे तीन शब्द मी सांगितले नव्हते.

तिला शिरेवाटे लोह देण्यात आले, अन्य कारणे तपासली, गोळ्यांच्या वेळा बदलल्या. लोहाची गोळी रात्री जेवणानंतर दोन तासांनी लिंबूपाण्यासह. कॅल्शियम सकाळ-दुपारच्या जेवणाबरोबर. चहा दोहोंपासून दूर. लोहाच्या गोळीची आठवण करण्याचे काम सहा वर्षांच्या मुलाने मागून घेतले. छत्तिसाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन १०.४ झाले.

घरच्या शाळेचे वेळापत्रक

या अनुभवानंतर आम्ही दोघींनी बसून तिचा दिनक्रम नव्याने आखला. अशा स्थितीतील इतर मातांनाही तो उपयोगी पडेल, म्हणून देत आहे.

पहिली तिमाही : सकाळी मळमळ अधिक असल्यास अभ्यास दुपारनंतर ठेवावा. आईने पडून राहून गोष्ट सांगावी, पाढे म्हणवून घ्यावेत. या काळात अभ्यासक्रम मागे पडला तर पडू द्यावा.

दुसरी तिमाही : बहुतेकींना याच काळात सर्वांत बरे वाटते. नवे धडे, सहली, बाजारहाटातील हिशेब या वेळी उरकावेत. घरी दोन-तीन मुलांना समोर बसवून शिकविताना शाळेइतके तास लागत नाहीत. लहान वयात दीड-दोन तासांचा एकाग्र अभ्यास पुरतो, असा तिचा अनुभव होता.

तिसरी तिमाही : आईने जमिनीवर वाकून न शिकविता पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर बसावे. धाकट्याला उचलून घेण्याऐवजी त्याने स्वतः चढून जवळ बसावे, अशी सवय लावावी. थोरल्याने मधल्यास वाचून दाखवावे. त्यात दोघांचाही अभ्यास होतो. दुपारी एक तास सर्वांनी डाव्या कुशीवर झोपणे, हाही तिच्या शाळेतील एक तास होता!

बाळंतपणानंतर : किमान चाळीस दिवस शाळेला पूर्ण सुट्टी. भ्रमणध्वनीच्या पडद्याला मात्र मोकळीक नको. दोन वर्षांखालील मुलांना तो देऊच नये, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासाहून अधिक नको, असा भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला आहे.

शाळेबाहेरच्या मुलांचे आरोग्य

बालरोगतज्ज्ञ मित्रांनी येथे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडील अनेक आरोग्यसेवा शाळेच्या दारातून मुलांपर्यंत पोहोचतात. दृष्टी व दातांची तपासणी, जंतनाशक दिनाची गोळी, १० व १६ व्या वर्षांची धनुर्वात-घटसर्पाची लस, यांची आठवण शाळा करून देते. घरी शिकणारे मूल यातून नकळत निसटते. या मुलीला फळ्यावरचे वाचण्याचा प्रसंगच नसल्याने तिचा चष्म्याचा नंबर कोणाच्या ध्यानी आला नव्हता. मधल्याचा पाचव्या वर्षीचा त्रिगुणी लसीचा डोसही गाव बदलण्यात राहिला होता. दोन्ही गोष्टी त्याच महिन्यात उरकल्या.

घरात लहान मूल असता गर्भवतीने त्याचे लंगोट बदलल्यावर वा नाक पुसल्यावर साबणाने हात धुवावेत आणि त्याचे उष्टे खाऊ नये. काही विषाणू लहान मुलांच्या लाळेतून व लघवीतून पसरतात व गर्भास अपाय करू शकतात. कांजिण्या वा पुरळासह ताप घरात आल्यास विलंब न करता डॉक्टरांना कळवावे.

मुलांच्या मनाची तयारी

सोनोग्राफीच्या वेळी मधल्याने मला विचारले, ''डॉक्टर आजी, भाऊ आहे की बहीण?'' मी म्हणाले, ''ते सांगायला मला कायद्याने बंदी आहे.'' त्याला फार नवल वाटले. घरी जाऊन आईने त्याला १९९४ चा कायदा का करावा लागला, हे त्याच्या वयाला झेपेल असे समजावून सांगितले. पुढच्या खेपेस तो म्हणाला, ''तुम्ही सांगू नका हं, नाहीतर तुम्हाला पकडतील.''

नवे बाळ आल्यावर मोठी मुले पुन्हा अंथरूण ओले करतात, बोबडे बोलतात, हट्ट करतात. हा खोडसाळपणा नव्हे. आपली जागा गेली की काय, ही शंका असते. रागावण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटे त्या एकट्या मुलाला द्यावीत.

आईच्या मनाकडेही पाहावे. बाळंतपणानंतरचे रडू दोन आठवड्यांत ओसरले नाही, झोप व भूक गेली, बाळाविषयी वा स्वतःविषयी वाईट विचार येऊ लागले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. घरी शिकविणाऱ्या आईला दिवसाकाठी दुसरे मोठे माणूस भेटतच नाही, म्हणून तिच्या बाबतीत अधिक सावध राहावे.

मी काय शिकले?

व्यवसायबंधूंनो, त्या दिवसापासून मी प्रत्येक गर्भवतीला तीन प्रश्न अधिक विचारते : तुझा दिवस कसा जातो? गोळ्या नेमक्या केव्हा व कशाबरोबर घेतेस? आणि रात्री-अपरात्री तुला निघावे लागले, तर मुलांपाशी कोण थांबेल? अंगावरून रक्त वा पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर निघावे, हे सर्व मातांना ठाऊक असते. 'मुलांना कोठे ठेवू' या एका विवंचनेपायी त्या सकाळपर्यंत थांबतात. तिच्या बाबतीत शेजारच्या गुजराती काकींना आधीच सांगून ठेवले होते, किल्ली त्यांच्याकडे होती.

एकोणचाळिसाव्या आठवड्यात पहाटे तिला मुलगी झाली. वजन २ किलो ९०० ग्रॅम. वार पडल्यावर रक्तस्राव नेहमीपेक्षा अधिक झाला. औषधांनी तो आटोक्यात आला, रक्त द्यावे लागले नाही. हीच प्रसूती ७.४ हिमोग्लोबिनवर झाली असती तर काय झाले असते, हा विचार करीत मी हात धुतले.

सकाळी काकींबरोबर तिन्ही मुले आली. थोरलीने वही उघडली, बाळाचे वजन लिहून घेतले आणि मला विचारले, ''आईचे हिमोग्लोबिन आता किती आहे?''

मी रक्त तपासावयास पाठविले, आणि आकडा आल्यावर तिला सांगितला.