नांदुऱ्याचा हिवाळा आणि रात्रीचं नाक

दिवाळी सरली, जिनिंग सुरू झाल्या, की नांदुऱ्यात हवेचा गुण बदलतो. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात आणि रात्री दीड-दोनच्या सुमाराला नाक चोंदून जाग येते. ना ताप, ना खोकला. सकाळी अंघोळ झाली की नाक मोकळं. आमच्याकडे घरोघरी हा त्रास आहे, आणि जवळजवळ प्रत्येक घरी त्याला ‘सर्दी’ म्हणून गोळी घेतली जाते. मी हा त्रास वर्षानुवर्षं काढला आहे. त्यातून जे कळलं ते लिहितो.

१. आधी हवा समजून घ्यावी. पहाटे तापमान १२ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असली, तर एक घनमीटर हवेत साडेसात ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. तीच हवा दुपारी २९ अंशांपर्यंत तापली की पाणी तेवढंच राहतं, पण आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास येते. आपण दिवसाला सुमारे १० हजार लिटर हवा आत घेतो. फुप्फुसात पोचेपर्यंत ती ३७ अंशांची आणि पूर्ण ओली व्हावी लागते. हिशेब केला तर त्यासाठी दिवसाला साडेतीनशे मिलिलिटरहून अधिक पाणी लागतं, आणि त्यातलं बरंचसं नाकाचं अस्तर देतं. श्वास सोडताना थोडं परत मिळतं, बाकीचं जातं. दुपारभर असं सुकलेलं नाक घेऊन आपण रात्री आडवे होतो.

२. बंद नाक बहुतेक वेळा भरलेलं नसतं, सुजलेलं असतं. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. आडवं झालं की नाकातल्या रक्तवाहिन्यांत रक्त साठतं आणि अस्तर फुगतं. ज्या कुशीवर झोपावं त्या बाजूची नाकपुडी आधी बंद होते. म्हणून जोरजोराने शिंकरून काही निघत नाही, उलट अस्तर आणखी दुखावतं. उशीखाली दुसरी उशी किंवा घडी केलेली चादर घेऊन डोकं आणि खांदे थोडे उंच ठेवावेत, कूस बदलावी. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

३. मिठाच्या पाण्याला तोड नाही. लोणावळ्याची कैवल्यधाम ही योगसंस्था १९२४ साली स्थापन झाली. तिथे शिकवली जाणारी जलनेती आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ सांगतात ते मिठाच्या पाण्याने नाक धुणं, ही मुळात एकच क्रिया. प्रमाण १ लिटरला ९ ग्रॅम मीठ. म्हणजे पेलाभर पाण्याला चहाच्या चमच्याने अर्ध्याहून थोडं कमी. मीठ कमी पडलं तरी झोंबतं, जास्त झालं तरी झोंबतं.

पण पाणी कोणतं? आपण पूर्णेच्या खोऱ्यातली माणसं, खारपाणपट्टा आपल्याला नवा नाही. म्हणून कुणी सहज म्हणतं, बोअरचं पाणी खारटच आहे, तेच वापरू. ते अजिबात वापरू नये. त्या खारेपणात मिठाशिवाय इतरही क्षार असतात आणि जंतूंचा भरवसा नाही. केरळात २०२४ आणि २०२५ मध्ये मेंदूज्वर देणाऱ्या अमिबाचे रुग्ण सापडले. तो अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. पाणी चांगलं उकळून, झाकून, कोमट होऊ द्यावं. आरओचं पाणीसुद्धा उकळूनच घ्यावं. भांडं रोज धुऊन कोरडं करावं. झोपण्याच्या तासभर आधी नाक धुवावं, म्हणजे उरलेलं पाणी उशीवर येत नाही. हे करायचं नसेल तर मेडिकलमध्ये नुसत्या सलाईनचे थेंब मिळतात.

४. नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब वेगळे. बाटलीवर झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन लिहिलेलं असतं. सलग तीन ते पाच दिवसांपुढे ते वापरले की औषध उतरताच नाक आधीपेक्षा घट्ट बंद होतं, आणि माणूस बाटली उशाशी ठेवू लागतो. सर्दीच्या गोळ्यांपैकी पुष्कळशा आधीच कोरडं असलेलं नाक अधिक सुकवतात, काही रक्तदाब वाढवतात. रक्तदाब असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

५. वाफेने बरं वाटतं, तेवढ्यापुरतं. पातेलं टेबलावर स्थिर ठेवावं, लहान मुलाला कधीही पातेल्यासमोर बसवू नये. उकळतं पाणी सांडून मुलं गंभीर भाजतात. पुदिन्याच्या अर्काने सूज उतरत नाही, फक्त गार वाटतं म्हणून श्वास मोकळा झाल्यासारखा भासतो. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल घालण्याची रीत मात्र सोडून द्यावी, ही माझी कळकळीची विनंती. तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरू शकतं.

६. झोपायची खोली बघावी. हा हंगाम कापसाचा, पुढे तुरीचा. रुईची बारीक तूस आणि कुटाराची धूळ दारं बंद केली तरी आत येते. मळणीवरून आल्यावर कपडे बाहेरच्या खोलीत बदलावेत, केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावं. रजया आणि गाद्या कडक उन्हात टाकाव्यात, खोळी गरम पाण्यात धुवाव्यात. खोलीत दोरीवर ओला पंचा टाकला तरी हवेला थोडी ओल मिळते. पण भिंतीला बुरशी येईल इतकी ओल नको, चाळीस-पन्नास टक्के पुरे. पऱ्हाट्यांची शेकोटी खिडकीखाली पेटवू नये आणि डासांच्या कॉइलपेक्षा मच्छरदाणी बरी. पहाटे शेतात किंवा हायवेकडे फिरायला जाताना नाकावर दुपट्टा घ्यावा. धूळ अडते आणि उच्छ्वासातली ओल पुढच्या श्वासाला परत मिळते.

७. घोळणा फुटला तर मान मागे टाकू नये, रक्त घशात जातं. पुढे वाकून बसावं, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटं न सोडता दाबावा. कपाळावर पाणी थापत बसण्यात वेळ घालवू नये.

८. काही गोष्टी घरात ठेवायच्या नसतात. दहा दिवसांपलीकडे चाललेला त्रास, बरं वाटून पुन्हा चढलेला ताप, एकाच बाजूने येणारा दुर्गंधीयुक्त पू, झोपेत घोरता घोरता श्वास अडकणं, यांसाठी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. डोळ्याभोवती सूज आली किंवा दिसणं अंधूक झालं तर त्याच दिवशी. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल, तर आत तुरीचा किंवा हरभऱ्याचा दाणा अडकलेला असू शकतो. तो घरी चिमट्याने काढू नये, आणखी आत जातो.