राबाचे शेत आणि ऐनाचे झाड

तैलरंगातील निसर्गचित्रण चार भिंतींत शिकता येत नाही, असे आमचे सर वर्गात नेहमी सांगत. आणि आम्ही कॅलेंडरवरील परदेशी देखावे समोर ठेवून झाडे रंगवीत असू. अशी बरीच झाडे हाताखालून गेल्यावर मी फाल्गुनात आजोळी, शहापूर तालुक्यातील खर्डीला गेलो. कसारा लोकलमध्ये ईझल आणि रंगपेटी सांभाळताना जी तारांबळ उडाली, ती येथे सांगत नाही. १८४१ साली जॉन गॉफ रँड याने रंगाच्या धातूच्या ट्यूबचे पेटंट घेतले. त्याआधीच्या चित्रकारांना उघड्यावर तैलरंग नेताना काय पडत असेल, हे मात्र त्या दिवशी कळले.

पहिल्या सकाळी खाचरांच्या कडेला ईझल लावले. समोर भाताची धसकटे, मधे राब भाजून काळे पडलेले चौकोन, बांधावर ऐनाची झाडे आणि नैऋत्येला माहुलीचा डोंगर. मी हौसेने हिरव्याच्या दोन ट्यूब घेतल्या होत्या. शेतात हिरवा रंग जवळजवळ नव्हताच! तरी बांधावर गोल, भरगच्च, हिरवीगार झाडे काढली. माहुलीचे सुळके बारीक कुंचल्याने गडद रंगात कोरले. संध्याकाळी आजोबांनी चित्र पाहिले आणि विचारले, "हे झाड कुठलं रे? आपल्याकडे असं नसतं."

मी गप्प बसलो. आमच्याकडे ऐनाच्या फांद्या राबासाठी तोडतात. त्या वाळवून, शेण-पालापाचोळ्यासह रोपांच्या जागेवर पसरून जाळतात. त्यामुळे झाड उंच, बोडके, जागोजागी गाठी आलेले आणि शेंड्याला थोडा झुबका एवढेच उरते. लहानपणापासून ते पाहत आलो, पण रंगवताना पाहिले नाही. डोंगराचे उलटे झाले. सुळके आहेत हे मला ठाऊक होते म्हणून ते काढले. त्या धुरकट हवेत ते दिसतच नव्हते. परिणामी डोंगर पुढे सरकून शेतात येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी नवा कॅनव्हास घेतला. बर्न्ट अंबर टरपेंटाइनमध्ये पातळ करून फक्त गडद भाग मांडले. डोळे किलकिले केले की बारकावे विरतात आणि मोठे आकार उरतात, ही सरांची युक्ती येथे फार उपयोगी पडली. डोंगरासाठी आभाळाच्याच रंगात थोडा अल्ट्रामरीन आणि किंचित बर्न्ट सिएना मिसळला. लगेच तो मागे गेला. राबासाठी काळी ट्यूब उघडलीच नाही. राख निळसर करडी होती, कडेची भाजलेली माती तांबूस. जवसाचे तेल वरच्या थरांतच वाढवले. खाली तेलकट आणि वर कोरडा रंग दिला तर पुढे भेगा पडतात.

इतक्यात शेजारच्या शेतात राब पेटला आणि राखेच्या पापुद्र्यांनी माझे ओले आभाळ भरून गेले. घाईने पुसायला गेलो, तर सगळे आभाळ मळले. ते कण तसेच वाळू देऊन नंतर हलके खरवडावेत, हे तेव्हा कोण सांगणार!

ऊन चढले की सावल्या सरकतात, म्हणून रोज सात ते नऊच काम करायचे ठरवले. कोल्हापूरचे आबालाल रहिमान कोटितीर्थ तलावाचा परिसर पुनःपुन्हा का रंगवीत, याचा थोडा अंदाज त्याच जागी चौथ्यांदा बसल्यावर आला. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी असते. तिच्या भेगा मात्र मी मोजत बसलो नाही. तोडलेल्या जागी फिकट ठिपके दिले. वरच्या खाचराच्या बांधात एक उजळ खाच दिसत होती; ती कसली हे न कळताही जशी दिसली तशी ठेवली.

गुडघ्यांमुळे आजोबा हल्ली वरच्या शेतात जात नाहीत. चित्र त्यांनी ओटीवर उजेडात धरले. झाडांविषयी काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने त्या खाचेवर बोट ठेवून मामाला हाक मारली, "अरे, वरचा बांध फुटलाय बघ. पावसाआधी घालायला हवा."

बोटाला ओला रंग लागला, तो त्यांनी धोतराला पुसला.