डबा फोडला की दुसरं घड्याळ सुरू! उघडलेला पल्प आणि कोकम सिरप वाया कसं जाऊ द्यायचं नाही?



गणपतीपुळ्याच्या वाटेवर मी पहिला स्टॉल टाकला तेव्हाची गोष्ट. शनिवारी गर्दी बघून हापूस पल्पचा मोठा डबा फोडला. रविवारी पाऊस आला, गिऱ्हाईक पांगलं. अर्धा डबा उरला. वर ताटली झाकली आणि डबा तसाच फ्रिजमध्ये ठेवला. बुधवारी एक कुटुंब आलं, त्यांना त्यातलाच आमरस वाढला. काकूंनी पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. "आंबलाय हो," एवढंच म्हणाल्या. पैसे परत दिले, पण ते कुटुंब पुन्हा काही आलं नाही.

माझं चुकलं कुठे? डब्यावरची एक्सपायरी तर पुढच्या वर्षीची होती. पण लक्षात ठेवा, ती तारीख बंद डब्याची असते. डबा उघडला की दुसरं घड्याळ सुरू होतं, आणि ते फार जोरात पळतं.

माल बिघडतो कशामुळे?

कॅनिंगवाले पल्प गरम करून डबा हवाबंद करतात, म्हणून तो टिकतो. आपण डबा फोडला की हवा, डाव आणि हात यांच्याबरोबर यीस्ट आणि बुरशी आत जाते. आत साखर आहे, पाणी आहे, म्हणजे त्यांची मेजवानीच. वाइनच्या उघडलेल्या बाटलीचंही असंच होतं. हवा लागली की चव उतरते, आणि जास्त दिवस राहिली तर ती व्हिनेगरच्या वाटेला लागते. म्हणून ग्लासवर वाइन विकणारे हुशार हॉटेलवाले उरलेली वाइन लहान बाटलीत काठोकाठ भरतात, घट्ट बंद करतात आणि फ्रिजमध्ये ठेवतात. हवा कमी, थंडावा जास्त. आपल्या मालालाही हाच नियम लागू.

आपल्या मालाची राखण कोण करतं?

१. आगळ: इथे राखणदार मीठ. भरपूर मीठ असल्यामुळे बाटली उघडली तरी बराच काळ टिकते. पण ओला चमचा घातलात तर वर बुरशी येऊ शकते. काचेची बाटली किंवा चिनी मातीची बरणी वापरा, ॲल्युमिनियम नको.

२. अमृत कोकम: इथे राखणदार साखर. दाट सिरप आहे तोवर साखर जंतूंना वाढू देत नाही. पण एकदा पाणी घातलं की राखणदार रजेवर गेला! म्हणून सकाळीच बादलीभर सरबत करून ठेवू नका. सिरप दाटच ठेवा आणि गिऱ्हाईक आलं की ग्लासात पाणी घाला.

३. आंब्याचा पल्प: इथे राखणदार फक्त डब्याचं सील. ते तुटलं की थंडावा सोडून कोणी वाली नाही.

४. सोलकढी: नारळाचं दूध आलं, म्हणजे त्याच दिवशीचा माल. उरली तर उद्यासाठी ठेवायची नाही.

डबा फोडल्यावर काय करायचं?

पल्प पत्र्याच्या डब्यात ठेवू नका. आंब्यातल्या आंबटपणामुळे डब्याची चव उतरते. लगेच स्वच्छ, कोरड्या काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या भांड्यांत काढा. एका मोठ्या भांड्यापेक्षा लहान चार बरी, कारण एक उघडलं तरी तिघांना हवा लागत नाही. आज-उद्या लागेल तेवढं फ्रिजमध्ये, बाकीचं त्याच दिवशी फ्रीझरमध्ये. डाव कोरडा आणि त्याच भांड्यापुरता. प्रत्येक भांड्यावर चिकटपट्टी लावून उघडल्याची तारीख आणि वेळ लिहा. आधी उघडलेलं आधी संपवा.

फेस आला, झाकण उघडताना 'फुस्स' झालं, दारूसारखा वास आला, तर माल सरळ टाकून द्या. उकळून, साखर वाढवून विकायचा विचारही नको.

आता हिशोब बघू

समजा, ८५० ग्रॅमचा डबा तुम्हाला २४० रुपयांना पडला. त्यात १०० ग्रॅमच्या ८ वाट्या होतात, म्हणजे वाटीला ३० रुपये. विक्री ६० रुपयांना. कागदावर मस्त!

पण पावसाळ्यात रोज २ वाट्याच जातात, आणि उघडलेला पल्प २ दिवसच वापरायचा असं तुम्ही ठरवलंय. मग विकल्या ४, टाकल्या ४. वाटी पडली ६० रुपयांना. विक्री ६०, खर्च ६०, हातात शून्य. गॅस, मजुरी अजून धरलीच नाही.

आता ४ वाट्यांचा लहान डबा १४० रुपयांना घेतला असं धरा. वाटीला ३५ पडले, म्हणजे 'महाग'. पण चारही विकल्या गेल्या आणि १०० रुपये हातात आले. किंवा मोठाच डबा घेऊन निम्मा पल्प पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाकलात, तर वाटी पुन्हा ३० वर आली.

म्हणून सूत्र लिहून घ्या: रोजची विक्री × उघडल्यावर टिकणारे दिवस = तुमच्या पॅकचा आकार. स्वस्त माल तो, जो पूर्ण विकला जातो.

आजचा गृहपाठ

१. आत्ता फ्रिज उघडा. ज्या बाटलीवर, भांड्यावर उघडल्याची तारीख नाही, ती बाजूला काढा.
२. सात दिवस, टाकलेला प्रत्येक ग्लास आणि वाटी वहीत रुपयांत लिहा.
३. आठव्या दिवशी बेरीज करा आणि पुढची ऑर्डर त्या आकड्याकडे बघून द्या.

कोकणचा हापूस आणि आपलं कोकम, दोघांनाही जीआय मानांकन आहे. पण गिऱ्हाईकाच्या जिभेवर रत्नागिरीचं नाव राखायचं काम तुमच्या फ्रिजमधल्या त्या चिकटपट्टीचं आहे. चला, पेन घ्या आणि कामाला लागा!