"बायका बोलवा, बायका!"

आधीच सांगून टाकतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं संपादकांनी बघून घेतलं असेलच. तरी हे मराठीतच लिहायचं होतं, कारण त्या दिवशी जे काही कानावर पडलं ते मराठीतच होतं.

गेल्या डिसेंबरात आम्ही हॉस्टेलची सात-आठ पोरं दौलताबादला गेलो. भारतमाता मंदिर, चाँद मिनार, चिनी महाल झाला, अंधारीतून चाचपडत बाहेर पडलो (वटवाघळांचा तो वास अजून नाकात आहे) आणि बारादरीकडे चढायला लागलो. पायऱ्यांवर पन्नाशीच्या एक काकू दम खायला बसल्या आणि बसल्या बसल्या कलंडल्या. पंधरा-वीस माणसं जमली, सगळे पुरुष. कोणी म्हणे कांदा हुंगवा, कोणी म्हणे वारा येऊ द्या. मागून एकजण सारखा ओरडत होता, "अहो, बायका बोलवा, बायका!"

मी एन.एस.एस.च्या शिबिरात सी.पी.आर. शिकलेलो. पुढे झालो आणि थांबलो. हात ठेवायचा कुठे? त्यांचे मिस्टर काय म्हणतील? कोणी मोबाईलवर शूटिंग केलं तर? खालून दोन मावश्या चढून येईपर्यंत तीन-चार मिनिटं गेली. त्यांनी तोंडावर पाणी मारलं, काकूंनी डोळे उघडले. उपास होता, नुसती चक्कर आली होती. सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण काकूंचा श्वास चालू आहे की नाही एवढंसुद्धा मी बघितलं नव्हतं.

समजा, ती चक्कर नसती तर? हार्ट अटॅक म्हणजे प्लंबिंगचा बिघाड, रक्तवाहिनी तुंबते. कार्डियाक अरेस्ट म्हणजे वायरिंगचा बिघाड, हृदय रक्त फेकायचंच थांबतं. मग सी.पी.आर. न मिळालेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. आम्ही तिथे चार मिनिटं उभे होतो, हिशोब तुम्हीच करा.

आणि हा फक्त आपल्याकडचा लाजाळूपणा नाही. अमेरिकेत १९ हजारांहून जास्त केसेसचा अभ्यास २०१८ साली छापून आला. सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना आजूबाजूच्यांनी सी.पी.आर. दिला, बायकांपैकी ३९ टक्क्यांना. घरात कोसळलेल्यांमध्ये मात्र फरक जवळजवळ नव्हता. म्हणजे घरचा माणूस हात लावतो, परका बिचकतो. त्यात बायकांच्या हृदयाची पहिली लय शॉक देण्याजोगी असण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी, म्हणजे हाताने दाबण्यावरच जास्त भिस्त. आणि अटॅकच्या वेळी छातीच्या दुखण्यासोबत धाप, मळमळ, पाठ-जबडा दुखणं बायकांमध्ये जास्त दिसतं. घरी त्यालाच ॲसिडिटी म्हणतात.

इलेक्ट्रिकलवाल्यांनी इथे कॉलर ताठ करावी. छाती बाहेरून दाबून रक्ताभिसरण चालू ठेवायची पद्धत ज्या तिघांनी १९६० साली जगापुढे मांडली, त्यांतले विल्यम कौवेनहोवेन हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगचे प्राध्यापक होते. लाईनमन शॉक लागून मरायचे म्हणून वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसे दिले. त्यांच्या लॅबमधल्या निकरबॉकर या विद्यार्थ्याला १९५८ मध्ये दिसलं, की कुत्र्याच्या छातीवर यंत्राचे जड पॅडल दाबले की शॉक देण्याआधीच रक्तदाब वाढतो. तिसरे डॉक्टर जूड. त्यांनी ही पद्धत सुरुवातीला ज्या पेशंटवर वापरली ती पस्तिशीची एक बाई होती, पित्ताशयाच्या ऑपरेशनला आलेली. भुलीच्या औषधाने हृदय थांबलं, छाती न फाडता ते परत चालू झालं आणि ती ठणठणीत घरी गेली. इतक्या लवकर एक बाई वाचली, आणि पुढे शिकवायच्या डमीतून मात्र बाईची छाती गायब! १९६० च्या प्रसिद्ध 'ॲन' डमीला चेहरा मुलीचा दिला, छाती सपाट. २०२४ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात बाजारातली २० मॉडेल्स पाहिली, त्यांतल्या एकालाच स्तन होते. आम्हीही शिबिरात सपाट छातीवरच शिकलो होतो.

खरं तर पद्धत दोघांसाठी एकच. हाक मारा, खांदा हलवा. प्रतिसाद नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके आहेत, तर १०८ ला फोन करायला सांगा. तळहाताची टाच दोन स्तनांच्या मधोमध, छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर ठेवा. ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबा, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. दाबण्यासाठी कपडे काढायची गरज नाही. ए.ई.डी. मशीन आलं तर मात्र पॅड उघड्या त्वचेवरच लागतात: एक उजव्या कॉलरबोनखाली, दुसरा डाव्या काखेखाली कुशीला, स्तनावर नाही. बरगडी मोडली तर? मोडू शकते, थांबू नका. संमती देऊ न शकणाऱ्या माणसाच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चं संरक्षण आहे.

यंदाच्या शिबिरात आम्ही डमीला जुना ब्लाऊज शिवून घातला, आत स्पंज भरले, वरून मेसच्या मावशींनी दिलेली साडी. पहिली पाच मिनिटं पोरं नुसती खिदळत होती. मग सर म्हणाले, "झालं हसून? आता दाबा." दुपारपर्यंत एकावन्न जणांचा नंबर लागला, त्यात मेसच्या मावशीही होत्या. त्यांचा दाब आमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा खोल गेला. डमी सध्या रेक्टर ऑफिसच्या कपाटात आहे, साडीसकट. किल्ली वॉचमनकाकांकडे मिळते.